तासाचा दर वाढला, हमीचे तास घटले. 'मान्य' करू का? आणि तो युनियनचा फॉर्म?

उजवी_सीट (धागाकर्ता) | रविवार, रात्री ११:०५

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी नाशिकच्या सिडकोतला. एका विमान कंपनीत फर्स्ट ऑफिसर, म्हणजे कोपायलट. बेस मुंबई. कंपनीचं नाव विचारू नका, सांगणार नाही. आमचं सोशल मीडियाचं परिपत्रक पगाराच्या परिपत्रकापेक्षा लांब आहे.

आमचा पगार तासावर असतो. पण तास म्हणजे ड्यूटीचा तास नव्हे. चाकाखालचे चॉक (अडसर) काढल्यापासून उतरून पुन्हा चॉक लागेपर्यंत जेवढा वेळ जातो तेवढाच. पहाटे दोन पन्नासला गाडी दारात येते, मग ब्रीफिंग, श्वासाची अल्कोहोल चाचणी, विमानाभोवती टॉर्च घेऊन फेरी. दोन फेऱ्यांच्या मध्ये तीन तास बसून राहणं. हे काही त्या तासांत येत नाही. म्हणून महिन्याला काही तासांची हमी असते. कंपनीने तेवढं उडवलं नाही तरी तेवढ्याचे पैसे मिळतात.

आता नवीन पत्र आलंय. आकडे गोल करून देतो, प्रमाण तेच आहे. जुना दर ३,००० रुपये तास, हमी ७० तासांची. नवा दर ३,६००, हमी ५० तासांची. महिनाअखेरपर्यंत 'मान्य' वर क्लिक करायचं. नाही केलं तर काय, ते कुठेही लिहिलेलं नाही.

घरची बाजू: सीपीएल (व्यावसायिक वैमानिकाचा परवाना) आणि टाईप रेटिंग (ठरावीक विमान उडवायची पात्रता) मिळून ६० लाखांचं कर्ज, ११ टक्के, दहा वर्षं. हप्ता ८२ हजारांच्या वर. बाबांचा फ्लॅट तारण.

दुसरी गोष्ट. चार दिवसांपूर्वी एका सीनियर कॅप्टननी उतरल्यावर हातात घडी घातलेला कागद ठेवला. युनियनचा सभासद फॉर्म. "वाच. भरायचा तर भर. फोटो काढून कुणाला पाठवू नकोस." आमच्याकडे आजवर युनियन नाही. तो कागद चार दिवस फ्लाईट बॅगेत लॉगबुकच्या मागे पडून आहे.

दोन्हींबद्दल मतं हवीत. स्पष्ट बोला.

तर्रीवाला | रविवार, रात्री ११:२२

पहिला! वाचतोय. दोन लाख पगार आणि पत्ता अजून सिडको, आदर वाढला.

शिफ्ट_ब | सोमवार, सकाळी ७:४०

रात्रपाळी करून आलोय, झोपायच्या आधी लिहितो.

दादा, तुमचा एक हप्ता म्हणजे माझा पाच महिन्यांचा पगार. सातपूरला कंत्राटावर आहे, अकरा महिने झाले की ठेकेदार बदलतो, म्हणजे कागदावरच बदलतो, माणूस तोच. युनियनचं नाव काढलं की दुसऱ्या दिवशी गेटवर कार्ड पंच होत नाही. तुम्हाला युनियन हौस म्हणून हवी, आम्हाला गरज म्हणून. राग मानू नका.

उजवी_सीट | सोमवार, सकाळी ९:१५

राग कसला. तुमच्यापुढे पगाराचं रडगाणं गाणार नाही, ते शोभणारही नाही. फक्त एक सांगतो, गेटवर कार्ड पंच न होण्याची भीती आमच्याकडेही आहे. फॉर्म घडी घालून दिला जातो तो त्यामुळेच. झोप घ्या आधी.

जुना_ओझरकर | सोमवार, दुपारी १२:३०

ओझरला हयात गेली. १९६४ ला मिग लढाऊ विमानांसाठी एचएएल (हिंदुस्तान एरोनॉटिक्स) आलं तेव्हा मी पाळण्यात होतो, निवृत्त झालो तेव्हा सुखोई उडत होतं. नोकरी दुसऱ्या एका सरकारी कारखान्यात केली आणि युनियनमध्ये वीस वर्षं काढली.

वैमानिकांची युनियन नवी नाही रे बाबा. एअर इंडियात इंडियन पायलट्स गिल्ड होती, जुन्या इंडियन एअरलाइन्सवाल्यांची आयसीपीए (इंडियन कमर्शियल पायलट्स असोसिएशन). २०११ मध्ये आयसीपीएचा दहा दिवस संप झाला, मागणी काय तर एअर इंडियाच्या वैमानिकांइतका पगार. मान्यता काढून घेतली होती तेव्हा सरकारने, मग परत दिली. पुढच्याच वर्षी गिल्डने ५८ दिवस संप केला. कशासाठी? ड्रीमलायनर या नव्या बोइंग विमानाचं प्रशिक्षण दुसऱ्या गटातल्यांना का देता, म्हणून. म्हणजे आदल्या वर्षी एकाचा, दुसऱ्या वर्षी दुसऱ्याचा, आणि मालकाला शांतपणे बघत बसायची सोय. ५८ दिवसांनी हाती काय लागलं ते शोधून वाच.

खासगीतलंही उदाहरण आहे. सप्टेंबर २००९, जेट एअरवेज. वैमानिकांनी नॅशनल एव्हिएटर्स गिल्ड काढली, दोघांना कामावरून काढलं, बाकीचे एकदम आजारी पडले. पाच दिवसांत कंपनी बोलणीला आली.

आणि घरच्या अंगणातलं विसरू नका. ऑक्टोबर २०१९ ला एचएएलच्या सगळ्या युनिटांत वेतनवाढीसाठी संप झाला, ओझरही त्यात. कामगारांचं म्हणणं, अधिकाऱ्यांना जी वाढ दिली तिच्या मानाने आम्हाला कमी. कर्नाटक उच्च न्यायालयाचा आदेश आला आणि आठवड्याभराच्या आसपास सगळे कामावर गेले.

तेव्हा फॉर्म भरण्याआधी त्या कॅप्टनला एकच विचार: कॅप्टन आणि कोपायलट यांची मागणी एकच आहे का? नसेल तर ती त्यांची युनियन, तुझी नव्हे.

मीनल_गंगापूररोड | सोमवार, दुपारी ३:०५

माझे मिस्टर कॅप्टन आहेत, दुसऱ्या कंपनीत. त्यांना धागा दाखवला तर म्हणाले, दर वगैरे जाऊ दे, त्याला विचार की झोपतो कधी.

आमच्या बेडरूमच्या काचांना काळा कार्डशीट पेपर चिकटवलाय, आतून सेलोटेपने. दुपारी बाराला रात्र करायची असते. पोरगी पहिलीत आहे, शाळेतून आली की बूट हातात घेऊन आत येते. गणपतीच्या आधी महिनाभर ढोलपथकाचा सराव शेजारच्या मैदानात, तेव्हा हे माझ्या माहेरी पंचवटीत जाऊन झोपतात. हे कुठल्या तासाच्या दरात बसवायचं?

बाकी त्यांचं मत युनियनच्या विरुद्ध आहे. म्हणतात, कमांड (कॅप्टनपद) मिळाली की तुझी भूमिका बदलते, चेक म्हणजे उड्डाणाची परीक्षा घेणारा कॅप्टनही युनियनचा आणि ती देणाराही, मग नापास कोण कोणाला करणार? मला हे पटलं नाही, पण सांगितलं.

उजवी_सीट | सोमवार, रात्री १०:५०

मीनलताई, काळ्या कागदाचं वाचून हसू आलं. आमच्या अंधेरीच्या फ्लॅटमध्ये वर्तमानपत्रं आहेत. चौघं राहतो, चौघांची रात्र वेगवेगळ्या वेळी.

झोपेवरून एक सांगतो. मुळात मला या विषयात ओढलं ते दराने नाही, ३६ च्या आकड्याने. पूर्वी आठवड्याची सलग विश्रांती ३६ तास होती. ३६ तासांत नाशिक होत नाही. संध्याकाळी उतरायचं, रात्री अंधेरीत झोपायचं, सकाळी निघून कसारा घाट चढून दुपारी घरी, आईच्या हातचं जेवून जरा पडलं की परत निघायची वेळ. डीजीसीएने (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने) जानेवारी २०२४ मध्ये नवे नियम काढले, त्यात ३६ चे ४८ झाले. रात्रीच्या लँडिंगची मर्यादा सहावरून दोनवर आली, आणि रात्र पहाटे पाचऐवजी सहापर्यंत धरायची ठरली. हे १ जून २०२४ ला लागू होणार होतं. कंपन्या म्हणाल्या एवढे वैमानिक नाहीत, आणि पुढे ढकललं. वैमानिकांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या तेव्हा टप्प्याटप्प्याने आलं, जुलै २०२५ ला काही आणि उरलेलं १ नोव्हेंबर २०२५ ला.

पुढचं सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, आणि रात्रीच्या नियमांतून त्यांना १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सवलत मिळाली. दोन वर्षं आधी माहीत असलेला नियम.

मला ते बारा तास मिळाले, त्यात एक अख्खी रात्र सिडकोत. एकट्या माझ्या अर्जाने ते मिळाले नसते, एवढं कळतं. पण संघटना कोर्टात जाणं वेगळं आणि आपल्या कंपनीत आपण फॉर्मवर नाव लिहिणं वेगळं.

निफाडकर | मंगळवार, सकाळी ६:२०

विमानातलं मला कळत नाही, एकदाच बसलो, तेही खिडकी मिळाली नाही. पण हमीचं गणित आमच्या रोजच्या व्यवहारातलं आहे.

सालदार ठेवला की सालाचे पैसे ठरलेले. पाऊस पडो न पडो, त्याचं घर चालतं, जोखीम मालकाची. वाट्याने दिलं की पीक आलं तर दोघांचं, नाही आलं तर वाटेकरी उपाशी. भाऊ, तुम्ही आजपर्यंत सालदार होता. आता तुम्हाला वाटेकरी करतायत आणि वाटा थोडा वाढवून देतायत. वाईटच असं नाही. बरेच वाटेकरी सालदारापेक्षा जास्त कमावतात.

फरक एवढाच की आमचा वाटेकरी काय पेरायचं ते मालकाबरोबर बसून ठरवतो. तुम्हाला किती उडवायचं हे तुम्ही ठरवता का? रोस्टर त्यांचा, विमान त्यांचं, बंद ठेवायचं तेही त्यांनीच.

अवांतर: ऑगस्ट २०२३ ला कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावलं तेव्हा व्यापाऱ्यांनी जिल्ह्यातल्या बाजार समित्यांत लिलाव बंद ठेवले, तर दिल्लीपर्यंत धावाधाव झाली. आम्ही शेतकरी रस्त्यावर कांदा ओततो तर फोटो छापून येतो. व्यापारी मोजके आहेत, आम्ही लाखभर. तुम्ही मोजके आहात.

तर्रीवाला | मंगळवार, सकाळी ८:०२

निफाडकर काका, 'सालदार-वाटेकरी' हा या वर्षातला सगळ्यात भारी प्रतिसाद. +१००

कॉर्टजवळचा_वकील | मंगळवार, दुपारी १:४५

सीबीएसजवळ कोर्टात जातो, कामगार खटले बघतो. विमानातले अशील अजून आले नाहीत, तेव्हा हा सल्ला नव्हे, माहिती समजा.

एक, कायदा आता बदललाय. औद्योगिक संबंध संहिता २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. जुना १९२६ चा ट्रेड युनियन कायदा आणि १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा दोन्ही तिच्यात गेले.

'एवढा पगार असणाऱ्याला युनियन कशी चालेल?' हा प्रश्न नेहमी येतो. युनियन काढणं आणि सभासद होणं यासाठी संहितेतली 'कामगार' ची व्याख्या मोठी आहे, उद्योगात नोकरीला असलेला कोणीही. पगाराची अट, १८,००० रुपयांवरची देखरेखीची कामं वगळण्याची, ती बाकीच्या हक्कांना लागते, म्हणजे विवाद, कामगारकपात वगैरे. तिथे कोपायलट देखरेख करतो का, कॅप्टन व्यवस्थापक आहे का, यावर वकिलांची पोटं भरतात. सात जण मिळून नोंदणीचा अर्ज करू शकतात, पण सभासद १० टक्के किंवा १०० यांतले जे कमी तेवढे तरी हवेत. व्यवस्थापनाने बोलणी कोणाशी करायची, तर ५१ टक्के सभासद असतील त्या युनियनशी.

आणि आता काळजीचं. संपाला १४ दिवसांची नोटीस लागते. ओझरकर काकांनी २००९ चा किस्सा सांगितला, सगळे एकदम आजारी पडण्याचा. नव्या संहितेत एका दिवशी निम्म्या किंवा जास्त लोकांनी ठरवून नैमित्तिक रजा घेतली तर तोही संपच. नोटीस न देता केला तर बेकायदा. तेव्हा टेलिग्राम ग्रुपवर 'उद्या सगळे सिक' असं कोणी लिहिलं तर उत्तर देऊ नका. थम्सअपही नको.

आणि राजीनामा हेही हत्यार उरलेलं नाही तुमच्याकडे. २०१७ च्या डीजीसीएच्या नियमाने कमांडरला एक वर्ष आणि कोपायलटला सहा महिने नोटीस. २०२३ मध्ये आकासा एअरचे ४३ वैमानिक नोटीस न पाळता गेले तर कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली होती. साधा कामगार पटलं नाही तर महिन्याभरात सोडून जातो, तीच त्याची ताकद.

शिफ्ट_ब | मंगळवार, दुपारी ३:३०

वकीलसाहेब, कंत्राटी कामगार मूळ कंपनीच्या युनियनचा सभासद होऊ शकतो का? ह्यावर पण लिहा ना कधी.

कॉर्टजवळचा_वकील | मंगळवार, दुपारी ४:१०

लिहितो. वेगळा धागा काढा, इथे हरवेल. व्यनि (खासगी निरोप) केलाय.

गोदाकाठ_ते_हडसन | मंगळवार, रात्री ११:४०

न्यू जर्सीहून, मूळची रविवार कारंजा. भाचा इथे एका मोठ्या एअरलाइनमध्ये आहे.

इथे वैमानिकांची युनियन १९३१ पासून आहे, एएलपीए (एअर लाइन पायलट्स असोसिएशन). सगळा पगार विमानाचा प्रकार आणि नोकरीचं वर्ष यांच्या तक्त्यावर, तक्ता सगळ्यांना उघडा. २०२३ ला डेल्टाच्या वैमानिकांना करारात चार वर्षांत ३४ टक्के वाढ मिळाली. वाचायला गोड वाटतं. पण रेल्वे लेबर ॲक्ट नावाचा १९२६ चा कायदा आहे, तो विमानांनाही लागू, त्यामुळे संप करणं जवळपास अशक्य. करार संपला तरी जुनाच चालू राहतो, बोलणी वर्षानुवर्षं. भाचा सुट्टीच्या दिवशी युनिफॉर्म घालून विमानतळाबाहेर फलक घेऊन उभा राहायचा, त्याला ते लोक पिकेटिंग म्हणतात, संप नाही.

आणि एक कोणी सांगत नाही. सीनियॉरिटी नंबरने माणूस बांधला जातो. एअरलाइन बदलली की वीस वर्षांचा कॅप्टन पुन्हा खालून सुरू. भाच्याच्या भाषेत, लग्नासारखं.

बारावी_आई | बुधवार, सकाळी १०:२५

थोडं विषयांतर, माफ करा. मुलगा बारावी सायन्सला आहे, पायलटच व्हायचंय म्हणतो. क्लासवाले सव्वा कोटीचा कोर्स सांगतायत. हा धागा वाचून पोटात गोळा आला. पाठवावं का?

उजवी_सीट | बुधवार, दुपारी १:००

काकू, फिजिक्स-मॅथ्स आहे ना? मग फीचा एक रुपया भरण्याआधी डीजीसीएचं क्लास टू मेडिकल, त्यानंतर क्लास वन करून घ्या. माझ्या बॅचमधल्या एकाचं फी भरल्यानंतर मेडिकलमध्ये अडकलं होतं. आणि कर्ज काढणार असाल तर २५ मार्च ते २५ मे २०२० या दोन महिन्यांत देशातली नियमित प्रवासी उड्डाणं बंद होती, हे लक्षात ठेवून हप्ता ठरवा. बाकी मुलाला उडायचंच असेल तर तो ऐकणार नाही. मीही ऐकलं नव्हतं.

जुना_ओझरकर | बुधवार, दुपारी २:१५

मूळ मुद्द्यावर या. पोरा, लॉगबुक आहे ना बॅगेत? मागच्या बारा महिन्यांचे तास काढ आणि दोन्ही दरांनी मांड. युनियनमध्ये आम्ही भाषण नंतर करायचो, आधी पे स्लिपा गोळा करायचो.

उजवी_सीट | गुरुवार, रात्री १२:३५

काका, मांडलं. खरं सांगायचं तर निकाल मला हवा होता तसा आला नाही.

महिन्याला ५८ तासांच्या थोडं वर गेलं की नवा दर फायद्याचा, खाली राहिलं की जुना. बारा महिन्यांपैकी आठ महिने मी सरासरी ७२ तास उडलो. त्या आठांत नव्या दराने साडेतीन लाखांच्या जवळपास जास्त मिळाले असते. उरलेले चार: ४१, ५२, ५५ आणि ४७. एकात सिम्युलेटर आणि रजा, एकात कानाचा संसर्ग, दोनांत विमानं जमिनीवर. त्या चारांत मिळून ९५ हजारांचा तोटा. म्हणजे वर्षाला अडीच लाख वरच.

म्हणजे मी सरळ 'मान्य' करायला हवं. पण त्या चार महिन्यांपैकी दोन माझ्यामुळे कमी झाले, दोन कंपनीमुळे, आणि चारही महिन्यांचा भुर्दंड मात्र मलाच. निफाडकर काकांचं वाक्य डोक्यातून जात नाही. विस्तारा एअरलाइनच्या वैमानिकांनी २०२४ ला आरडाओरडा केला तेव्हा मला वाटलं होतं की पैशांसाठी चाललंय. तिथेही हमीच ७० वरून ४० वर येत होती.

कॅप्टनना काकांचा प्रश्न विचारला, आपली मागणी एकच आहे का म्हणून. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "दर नाही. विश्रांती एक आहे." प्रामाणिक उत्तर वाटलं.

कॉर्टजवळचा_वकील | गुरुवार, सकाळी ९:५०

मग दोन्ही गोष्टी एकत्र करू नका. पत्राला 'मान्य' करा, पण सोबत एचआरला स्वतःच्या नावाने, साध्या भाषेत एक ओळीचा मेल टाका: 'विमान उपलब्ध नसल्यामुळे किंवा कंपनीच्या प्रशिक्षणामुळे तास कमी झाले तर त्या महिन्याची हमी ७० धरावी, याबाबत कंपनीचं धोरण कळवावं.' मागणी नाही, विचारणा आहे. अशी विचारणा कोणीही करू शकतो. आणखी कोणाला वाटलं तर तोही आपापल्या नावाने करेल.

तर्रीवाला | गुरुवार, सकाळी ९:५८

वकीलसाहेबांनी युनियन न काढता युनियन काढली.

मीनल_गंगापूररोड | गुरुवार, दुपारी १२:१०

हे मिस्टरांना पण पटलं. आश्चर्य.

उजवी_सीट | पुढच्या आठवड्यातला शनिवार, रात्री ९:२०

अपडेट देतो, नंतर आठ दिवस रोस्टर भरलेला आहे.

'मान्य' केलं. मेलही टाकला. ती ओळ फक्त रूममेटला दाखवली होती, त्याने त्याच्या बॅचमेटला. किती जणांनी पाठवली ते मला माहीत नाही, विचारलंही नाही.

फॉर्म भरला, पण दिलेला नाही. आई म्हणाली बाबांना विचार. बाबा म्हणाले तारण माझं आहे, सही तुझी आहे, मला नको विचारूस.

काल दुपारी अंधेरीत झोपलो होतो, एचआरचा फोन. मेलला मेलनेच उत्तर येईल असं वाटलं होतं. आवाज गोड होता. धोरणाबद्दल अजून काही ठरलेलं नाही, कळवू, म्हणाल्या. मग जरा थांबून विचारलं, "ही ओळ तुम्हाला कोणी लिहून दिली?"

निफाडकर | शनिवार, रात्री ९:३१

मग काय सांगितलंत?

उजवी_सीट | शनिवार, रात्री ९:३४

म्हणालो, गावाकडच्या लोकांनी. तर त्या म्हणाल्या, "सगळ्यांचं गाव एकच आहे का हो? सकाळपासून हा माझा एकोणतिसावा फोन."